फतवा आधी विचारावा लागतो

गेल्या काही वर्षांत एकच मजकूर मला बऱ्याच जणांनी पाठवला आहे. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, गाभा तोच. ‘फतवा म्हणजे इस्लामी कायद्याचा हुकूम. मौलवीने एकदा फतवा काढला की जगातल्या प्रत्येक मुसलमानाला तो पाळावाच लागतो. कोणीही दाढीवाला फतवा काढू शकतो. ज्याच्याविरुद्ध फतवा निघतो त्याला ठार मारणं हे मुसलमानाचं कर्तव्य असतं. फतवा कधी बदलत नाही आणि त्याचा मार कायम बायकांवर पडतो. भारतात या फतव्यांच्या जोरावर संविधानाला समांतर न्यायव्यवस्था चालू आहे.’ पाठवणाऱ्यांमध्ये माझ्या शाळेतल्या मैत्रिणी आहेत, जुने शेजारी आहेत. त्यांच्या मनात काळंबेरं नाही. ‘हे खरं का गं?’ एवढंच त्यांना विचारायचं असतं. एका ओळीत उत्तर देऊन भागत नाही, म्हणून बसून सविस्तर लिहिते.

मी कोकणी मुसलमान. शाळा मराठी, उर्दू वाचायला पुढे शिकले. त्यामुळे एक गोष्ट मला पहिल्यापासून खटकते. उर्दूत फतवा ‘पूछते’ हैं, ‘लेते’ हैं, ‘देते’ हैं. मराठीत आपण फतवा ‘काढतो’, जसा जीआर काढतात, वटहुकूम काढतात. मुख्याध्यापकांनी गणवेशाबद्दल काही सक्ती केली की तो फतवा, साहेबांनी रविवारी कामावर बोलावलं की तो फतवा, पक्षाने आमदारांना तंबी दिली की तोही फतवा. मनमानी हुकूम या अर्थाने हा शब्द मराठीत पक्का मुरला आहे. शब्द एका भाषेतून दुसरीत जाताना अर्थ बदलतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मराठी बातमीतला हा अर्थ उचलून इस्लामी धर्मशास्त्रात नेऊन बसवला की वरच्यासारखा मजकूर तयार होतो.

आता एकेक मुद्दा घेते.

‘फतवा म्हणजे हुकूम.’

मोठ्या मदरशांना जोडून दारुल इफ्ता असतं, म्हणजे फतवे देणारं कार्यालय. तिथून आलेला कागद एकदा नीट पाहायला हवा. वरच्या भागात प्रश्न असतो. त्याला इस्तिफ्ता म्हणतात. त्याची सुरुवात ठरलेली: ‘क्या फरमाते हैं उलमा-ए-दीन व मुफ्तियान-ए-शरअ-ए-मतीन इस मसले के बारे में...’ म्हणजे या प्रश्नाबद्दल धर्माचे जाणकार आणि मुफ्ती, म्हणजे फतवा देणारे विद्वान, काय सांगतात? त्यापुढे हकिकत. जैदने रागाच्या भरात आपली बायको हिंदा हिला अमुक शब्द ऐकवले, तर त्यांचं लग्न टिकलं का? जैदने बकरकडून उसने पैसे घेतले आणि तो वारला, तर कर्ज कोणी फेडायचं? जैद, बकर, हिंदा ही खऱ्या माणसांची नावं नव्हेत. गणिताच्या पुस्तकात जसे रामू आणि शामू, तशी ही शेकडो वर्षं वापरात असलेली नावं. सोळाव्या शतकात इस्तंबूलला एबुस्सूद एफेंदी हे ऑटोमन साम्राज्याचे मुख्य मुफ्ती होते. त्यांच्यापुढे येणाऱ्या प्रश्नांतही हेच जैद आणि हिंद भेटतात. उत्तर पुष्कळदा एकाच शब्दाचं: ‘ओलुर’, म्हणजे चालतं, किंवा ‘ओल्माझ’, म्हणजे चालत नाही.

नावं का टाळतात? कारण मुफ्ती साक्षीपुरावा तपासत नाही. दुसऱ्या बाजूला बोलावत नाही. तुम्ही सांगितलेली हकिकत खरी असेल तर शास्त्राचं म्हणणं असं आहे, एवढंच तो सांगतो.

प्रश्नाखाली ‘अल-जवाब’ असा मथळा, मग उत्तर, त्याला आधार म्हणून ग्रंथांतले अरबी उतारे, आणि शेवटी ‘वल्लाहु आलम’. खरं काय ते अल्लाहच जाणे. त्याखाली सही, तारीख, शिक्का. दुसऱ्या मुफ्तीने तपासलं असेल तर बाजूला ‘अल-जवाब सहीह’, म्हणजे उत्तर बरोबर, असा शेरा. हुकूम देणारा माणूस आपल्या हुकमाखाली ‘खरं काय ते अल्लाहच जाणे’ असं लिहीत नाही. मत देणारा लिहितो.

कुरआनात या शब्दाची मुळं शोधली तर चित्र आणखी स्वच्छ होतं. सूरह यूसुफमध्ये मिसरच्या राजाला स्वप्न पडतं: सात धष्टपुष्ट गायींना सात रोडक्या गायी खातात. तो दरबाऱ्यांना म्हणतो, माझ्या स्वप्नाबद्दल मला सांगा. तिथलं क्रियापद फतव्याच्याच धातूचं आहे. सूरह नम्लमध्ये सबाच्या राणीला सुलेमानचं पत्र येतं. ती सरदारांना बोलावते आणि त्याच धातूचं रूप वापरून म्हणते, या बाबतीत मला सल्ला द्या. सरदार म्हणतात, आपण बळकट आहोत, लढवय्ये आहोत, पण निर्णय तुमचा. काय आज्ञा करायची ते तुम्ही पाहा. आणि राणी लढाई न करता भेटवस्तू पाठवते. ‘फतवा’ विचारणारी राणी, देणारे सरदार, आणि शेवटचा शब्द राणीचा.

मराठी घरात हे परकं वाटायचं कारण नाही. कोणी वारलं की सुतक किती दिवस, ठरलेलं लग्न पुढे ढकलायचं का, हे गुरुजींना विचारतात. गुरुजी धर्मसिंधु किंवा निर्णयसिंधु उघडून सांगतात. कुणी ऐकतं, कुणी दुसऱ्या गुरुजींकडे जातं, कुणी आपल्या सोयीने करतं. फतव्याची रचना याच जातीची आहे.

‘प्रत्येक मुसलमानाला तो पाळावाच लागतो.’

इस्लामी कायद्यात दोन वेगळी माणसं आहेत आणि हा मजकूर त्यांची सरमिसळ करतो. एक काझी, दुसरा मुफ्ती. काझी म्हणजे न्यायाधीश. तो दोन्ही बाजू ऐकतो, साक्षीदार तपासतो, निकाल देतो, आणि त्या निकालामागे राज्याची ताकद असते. मुफ्तीच्या हातात यातलं काही नसतं. ऑटोमन काळात लोक मुफ्तीचा फतवा घेऊन काझीपुढे उभे राहत, जसा आज एखादा पक्षकार तज्ज्ञाचं मत घेऊन कोर्टात जातो. काझी ते विचारात घेई, पण निकाल त्याचा असे.

एका मुफ्तीचं उत्तर पटलं नाही तर दुसऱ्याला विचारायला कोणाचीही मनाई नाही. आणि दुसरा वेगळं सांगेल अशी पुरेपूर शक्यता असते. आमच्या घरचंच उदाहरण देते. सुन्नी इस्लाममध्ये धर्मशास्त्राचे वेगवेगळे पंथ आहेत. कोकणातले मुसलमान शाफई पंथाचे. घाटावरचे, हैदराबादचे, उत्तरेतले बहुतेक हनफी. शाफई मतानुसार कोळंबी, माकूल, तिसऱ्या सगळं हलाल. हनफी शास्त्र म्हणतं, पाण्यातल्या जिवांपैकी फक्त मासा हलाल. मग प्रश्न उभा राहतो: कोळंबी हा मासा आहे का? ठाणा भवनचे मौलाना अशरफ अली थानवी यांनी तिला माशात धरलं. दुसरे हनफी मुफ्ती म्हणाले, तिला माशासारखा कणा नाही, मग मासा कसा म्हणायचा? तिसरे म्हणाले, एवढा मतभेद आहे तर न खाल्लेली बरी. मुंबईत एकाच मजल्यावर एका घरात कोळंबीचं सालन रटरटत असतं आणि समोरच्या घरातली माणसं ती तोंडाला लावत नाहीत. शुक्रवारी दोन्ही घरचे पुरुष एकाच रांगेत नमाजाला उभे राहतात. ‘जगातल्या प्रत्येक मुसलमानाला’ बांधणारा एकच फतवा असता तर हे झालंच नसतं.

नववीत की दहावीत असताना ऐकलेली एक हदीस, म्हणजे पैगंबरांच्या बोलण्याची नोंद, माझ्या मनातून कधी गेली नाही. वाबिसा नावाचे सहाबी, म्हणजे पैगंबरांचे सोबती, त्यांच्याकडे पुण्य आणि पाप म्हणजे काय हे विचारायला येतात. त्यांना उत्तर मिळतं: आपल्या हृदयाला फतवा विचार, लोकांनी तुला कितीही फतवे दिले तरी. इमाम नववींच्या प्रसिद्ध चाळीस हदीसांच्या संग्रहात ही हदीस आहे.

इथे दोन अपवाद नोंदवायला हवेत, नाहीतर माझंच म्हणणं अर्धवट राहील. शिया पंथात सर्वसामान्य माणूस एका ज्येष्ठ धर्मपंडिताला, म्हणजे मर्जाला, आपला मार्गदर्शक निवडतो आणि त्याचे फतवे आपल्यासाठी बंधनकारक मानतो. त्याची ताकद किती असू शकते ते १८९१ मध्ये इराणात दिसलं. शाहने तंबाखूचा सगळा व्यापार एका ब्रिटिश माणसाला मक्त्याने देऊन टाकला होता. मिर्झा हसन शिराझी यांच्या नावाने तंबाखूविरुद्ध फतवा आला आणि लोकांनी हुक्के फोडले. शाहच्या जनानखान्यातही हुक्का बंद झाला. १८९२ च्या सुरुवातीला मक्ता रद्द करावा लागला. त्या फतव्यामागे पोलीस नव्हते, लोकांचा राग आणि लोकांची मान्यता होती.

दुसरा अपवाद मलेशियाचा. तिथे राज्याच्या मुफ्तीचा फतवा सरकारी राजपत्रात छापला की तो त्या राज्यातल्या मुसलमानांवर बंधनकारक होतो आणि मोडला तर गुन्हा ठरतो. मला ही व्यवस्था मान्य नाही. पण तिथेही नीट पाहा: सक्ती येते ती राजपत्रातून, सरकारकडून. राजपत्रात न छापलेला फतवा तिथेही मतच राहतो.

‘कोणीही दाढीवाला फतवा काढू शकतो.’

शास्त्राप्रमाणे नाही. कुरआन पाठ असलेला तो हाफिज. नमाज पढवणारा तो इमाम. मदरशाचा सात-आठ वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केलेला तो आलिम, ज्याला आपण मौलवी म्हणतो. त्यानंतर इफ्ताचा वेगळा अभ्यास, अनुभवी मुफ्तीच्या हाताखाली बसून उत्तरं लिहिण्याचा सराव, मग मुफ्ती. दिल्लीच्या जामा मशिदीच्या इमामांनी निवडणुकीत एखाद्या पक्षासाठी शब्द टाकला की वाहिन्या त्याला फतवा म्हणतात. उर्दू वर्तमानपत्रं त्याला ‘अपील’ म्हणतात, आणि तेच बरोबर आहे.

जुन्या मुफ्तींना या कामाची धास्ती वाटे. मदिनेच्या इमाम मालिक यांच्याबद्दल सांगतात की त्यांना ४८ प्रश्न विचारले गेले आणि त्यातल्या ३२ प्रश्नांना त्यांनी ‘मला माहीत नाही’ असं उत्तर दिलं. ज्या पंथाला त्यांचं नाव आहे, त्या पंथाची मुलं आजही ही गोष्ट शिकतात.

तरी या मुद्द्यात काही तथ्य आहे. सुन्नी इस्लाममध्ये चर्चसारखी एक केंद्रीय सत्ता नाही, परवाना देणारं एक मंडळ नाही. त्याचा गैरफायदा घेतला गेला आहे. फेब्रुवारी १९९८ मध्ये ओसामा बिन लादेन आणि त्याच्या साथीदारांनी अमेरिकनांना, सामान्य नागरिकांनासुद्धा, मारण्याचं आवाहन करणारं पत्रक काढलं आणि त्याला फतव्याचा साज चढवला. बिन लादेन बांधकाम कंत्राटदारांच्या घरातला, सही करणारा अयमन अल-जवाहिरी पेशाने सर्जन. दोघांपैकी एकही मुफ्ती नव्हता. २००५ मध्ये जॉर्डनची राजधानी अम्मानला ५० देशांतले सुमारे २०० विद्वान जमले. त्यांनी एकमताने ठरवलेल्या तीन गोष्टींतली एक हीच होती की पात्रता नसलेल्याने फतवा देऊ नये. दुसरी अशी की मुसलमानांनी एकमेकांना काफिर ठरवू नये. आपल्याकडे उत्तर प्रदेशातल्या देवबंदच्या दारुल उलूम या मोठ्या मदरशाने मे २००८ मध्ये दिल्लीच्या रामलीला मैदानावर दहशतवादाविरुद्धचा फतवा जाहीर केला होता. मला येणाऱ्या संदेशांत या दोन्हींपैकी कशाचाही उल्लेख नसतो.

‘फतवा म्हणजे ठार मारण्याचा आदेश.’

हा समज एका तारखेपासून सुरू होतो: १४ फेब्रुवारी १९८९. त्या दिवशी तेहरान रेडिओवरून आयातुल्ला खोमेनींची घोषणा वाचून दाखवली गेली. सलमान रश्दी यांना त्यांच्या कादंबरीबद्दल ठार मारावं, असं ती म्हणत होती. जगातल्या कोट्यवधी माणसांनी ‘फतवा’ हा शब्द त्या आठवड्यात पहिल्यांदा ऐकला, आणि ज्या अर्थाने ऐकला तोच कायमचा चिकटला.

त्या घोषणेचं समर्थन करायला मी बसलेली नाही. तिच्यापायी रक्त सांडलं. कादंबरीचे जपानी अनुवादक हितोशी इगाराशी यांचा जुलै १९९१ मध्ये खून झाला. ऑगस्ट २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्यात व्यासपीठावर रश्दींवर सुऱ्याने हल्ला झाला, त्यांचा एक डोळा गेला. आपल्या मुंबईत फेब्रुवारी १९८९ च्या अखेरीला कादंबरीविरुद्धच्या मोर्चावर गोळीबार झाला आणि माणसं मेली. लेखकाला त्याच्या पुस्तकासाठी मारायला सांगणं हा गुन्हा आहे, सांगणारा कितीही मोठा आयातुल्ला असो.

पण फतवा म्हणजे काय, हे त्या एका घोषणेवरून ठरवणं म्हणजे एका खुनी डॉक्टरवरून वैद्यकशास्त्र ठरवण्यासारखं आहे. खोमेनी हे एका देशाचे सर्वोच्च सत्ताधीश होते. त्यांच्यापुढे ठेवलेल्या प्रश्नाचं हे नेहमीच्या धाटणीचं उत्तर नव्हतं. जगभरच्या मुसलमानांना उद्देशून केलेली ती जाहीर घोषणा होती. म्हणून कित्येक अभ्यासक तिला फतवा न म्हणता हुकूम म्हणतात. शिया शास्त्रात हे दोन शब्द वेगळे आहेत. खटला नाही, आरोपीला बोलायची संधी नाही, मग शिक्षा कसली, असा आक्षेप त्याच काळात कैरोच्या अल-अझहर या सुन्नी विद्यापीठातल्या विद्वानांनीही घेतला होता.

दारुल इफ्तात रोज येणारे प्रश्न मात्र वेगळेच असतात. मुदत ठेवीच्या व्याजाचं काय करू? इन्शुलिन घेतल्याने रोजा मोडतो का? वडिलांनी हयातीत एका मुलाच्या नावावर घर केलं, बाकीच्यांचा हक्क गेला का? केस रंगवू का? मरण, मारणं त्यात कुठे येत नाही.

‘फतवा कधी बदलत नाही आणि त्याचा मार बायकांवर पडतो.’

पहिला भाग साफ चूक आहे. आम्ही ज्यांचा पंथ मानतो त्या इमाम शाफईंनी बगदादमध्ये असताना काही मतं दिली आणि इजिप्तला गेल्यावर त्यांतली बरीच बदलली. शाफई ग्रंथांत आजही ‘कौल-ए-कदीम’ आणि ‘कौल-ए-जदीद’, म्हणजे जुनं मत आणि नवं मत, असे दोन रकाने चालतात. चौदाव्या शतकात दमास्कसच्या इब्न कय्यिम यांनी तर एक सबंध प्रकरणच यावर लिहिलं की काळ, ठिकाण, परिस्थिती आणि रूढी बदलली की फतवा बदलतो.

दुसऱ्या भागाबद्दल मला सरळ बोलायचं आहे. बायकांना जखडणारे फतवे आहेत, भरपूर आहेत. २०१० मध्ये देवबंदहून आलेल्या एका उत्तरात पुरुषांबरोबर मोकळेपणाने, पडद्याशिवाय काम करावं लागतं अशी नोकरी बाईने करू नये असं म्हटलं होतं. मी अशीच नोकरी करते. ते उत्तर मला मान्य नाही आणि ते न मानल्याने माझा रोजा, माझी नमाज कोणी हिरावून घेतलेली नाही. सानिया मिर्झाच्या टेनिसच्या कपड्यांवर २००५ मध्ये फतवा आल्याच्या बातम्या झळकल्या. ती खेळत राहिली आणि २०१५ मध्ये विम्बल्डनची महिला दुहेरी जिंकली. हमीद दलवाईंनी १९६६ मध्ये तोंडी तलाकविरुद्ध मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा नेला, तेव्हापासून महाराष्ट्रातल्या मुस्लिम बायका मौलवींशी या बाबतीत भांडत आल्या आहेत. ते भांडण खरं आहे आणि गरजेचं आहे.

पण त्याच इतिहासातलं एक पान आमच्याच लोकांनाही ठाऊक नसतं, म्हणून ते जरा सावकाश सांगते.

शंभर वर्षांपूर्वी हिंदुस्थानातल्या हनफी मुसलमान बाईला नवऱ्यापासून सुटायला जवळपास दारच नव्हतं. नवरा मारतो, खायला घालत नाही, टाकून गेला, तरी कोर्ट तिचं लग्न मोडू शकत नव्हतं. नवरा बेपत्ता झाला तर त्याच्या वयाची माणसं मरेपर्यंत तिने वाट पाहायची. ग्रंथांतून नवऱ्याचं वय नव्वद धरण्याची चर्चा आहे. एकच फट उरली होती. प्रचलित मताप्रमाणे बाईने धर्म सोडला की लग्न आपोआप तुटत असे. पंजाबातल्या बायकांनी ती फट शोधून काढली. त्या कोर्टात जाऊन सांगू लागल्या, मी ख्रिस्ती झाले. आणि कोर्टं त्यांना मोकळं करू लागली.

उलमा हादरले. कोळंबीच्या बाबतीत वर ज्यांचं नाव आलं त्या थानवींनी स्वतः १९१३ मध्ये धर्म सोडल्याने लग्न तुटतं असंच मत दिलेलं होतं. आता त्यांनी पुन्हा विचार केला. या बायकांना दुसरा धर्म ओढत नव्हता, त्या नरकातून पळत होत्या. मग मार्ग काय? हनफी ग्रंथांत तो सापडेना. तेव्हा त्यांनी मदिनेतल्या मालिकी पंथाच्या मुफ्तींना पत्रं पाठवून त्यांच्याकडून फतवे मागवले. हिंदुस्थानातला सर्वांत नावाजलेला हनफी विद्वान दुसऱ्या पंथाच्या दारात प्रश्न घेऊन उभा राहिला. मालिकी शास्त्र म्हणत होतं, बेपत्ता नवऱ्याची वाट चार वर्षं पाहायची. आणि छळणाऱ्या, न पोसणाऱ्या नवऱ्यापासून काझी बायकोला सोडवू शकतो. थानवींनी ते मत उचललं, देवबंद आणि सहारनपूरच्या विद्वानांची संमती घेतली आणि १९३१ मध्ये छापून प्रसिद्ध केलं. धर्म सोडल्याने लग्न तुटतं, हे आपलं जुनं मतही त्यांनी बदललं.

त्यातूनच १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा आला. विधेयकाच्या उद्देशपत्रिकेतच लिहिलं होतं की अशी तरतूद नसल्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानातल्या असंख्य मुस्लिम स्त्रियांना शब्दांत न सांगता येणारं दुःख भोगावं लागलं आहे. कलम दोन उघडून पाहा: नवरा चार वर्षं बेपत्ता, दोन वर्षं पोटगी नाही, सात वर्षांची कैद, क्रूर वागणूक. या कारणांवर बाई कोर्टाकडे जाऊ शकते. ही चार वर्षं मदिनेहून आलेल्या उत्तरांतली आहेत. रत्नागिरीची किंवा नागपूरची बाई आजही याच कायद्याखाली अर्ज करते. आणि असे खटले फक्त मुसलमान न्यायाधीशापुढेच चालावेत हा उलमांचा आग्रह कायदेमंडळाने मान्य केला नाही, तो वगळला. मत मुफ्तींचं, कायदा कायदेमंडळाचा.

‘भारतात समांतर न्यायव्यवस्था चालते.’

फतव्यांना इथल्या कोर्टात खरंच जागा होती, पण ती कंपनी सरकारने दिलेली. अठराव्या शतकाच्या अखेरपासून कंपनीच्या अदालतींत मौलवी नेमलेले असत आणि इंग्रज न्यायाधीश त्यांच्याकडून फतवा लिहून घेत. हिंदूंच्या दाव्यांत पंडित ‘व्यवस्था’ लिहून देत. मुंबई इलाख्यातल्या अदालतींमध्ये शास्त्र्यांनी दिलेली अशी उत्तरं पुढे वेस्ट आणि ब्यूलर या दोघांनी संकलित करून १८६७ पासून प्रसिद्ध केली. १८६४ मध्ये ही दोन्ही पदं रद्द झाली. १८८० चा काझी कायदा आहे, पण त्याच्या चौथ्या कलमातच म्हटलं आहे की या कायद्याने काझीला कोणतेही न्यायिक किंवा प्रशासकीय अधिकार मिळत नाहीत. त्याचं काम निकाह लावण्याचं.

मग दारुल कझा काय आहेत? नवरा-बायकोचे, वारशाचे वाद दोघांच्या संमतीने मिटवायच्या जागा. ७ जुलै २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विश्व लोचन मदन खटल्यात स्पष्ट सांगितलं: फतव्याला कायद्याचं बळ नाही, तो कोणावर लादता येत नाही, लादणाऱ्यावर कायद्याने कारवाई होईल. २०२५ मध्ये न्यायालयाने पुन्हा म्हटलं की काझी कोर्ट, दारुल कझा, शरिया कोर्ट, नाव काहीही द्या, कायद्यात त्यांना मान्यता नाही. ज्याच्या निकालाची अंमलबजावणी एक हवालदारही करत नाही, ती समांतर न्यायव्यवस्था होत नाही.

तरीही दडपण असतं. जमात वाळीत टाकते, दुकानावर कोणी येत नाही, मुलीचं लग्न अडतं. बांगलादेशात सालिशींनी, म्हणजे गावच्या पंचायतींनी, फतव्याचं नाव घेऊन बायकांना फटके मारले. २०११ मध्ये शरियतपूर जिल्ह्यात अशाच फटक्यांनंतर एक १४ वर्षांची मुलगी मेली. त्याच वर्षी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की फतवा फक्त जाणकाराने द्यावा, तो मानणं ऐच्छिक असेल आणि त्याच्या नावाने कोणतीही शिक्षा देता येणार नाही. आपल्याकडे महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१७ पासून लागू आहे. तो जातपंचायतीला लागू आहे तसाच जमातीलाही आहे. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. फतवा दाखवून कोणी तुम्हाला वाळीत टाकत असेल तर थेट पोलीस ठाण्यात जा.

२०१४ च्या त्या खटल्याची सुरुवात ज्या घटनेपासून झाली ती उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगर जिल्ह्यातली. थानवींचं ठाणा भवन तेव्हा याच जिल्ह्यात होतं. २००५ मध्ये तिथे एका बाईवर सासऱ्याने बलात्कार केला. देवबंदहून उत्तर आलं की आता ती नवऱ्याला हराम झाली. देशभर गदारोळ उठला. फौजदारी कोर्टाने पुढच्याच वर्षी सासऱ्याला १० वर्षांची शिक्षा सुनावली. तिथे फतव्याचं काही चाललं नाही. सर्वोच्च न्यायालयाने निकाल देताना एका गोष्टीवर बोट ठेवलं. ज्याच्या हक्कांचा प्रश्न आहे त्याने स्वतः विचारल्याशिवाय कोणीही त्याच्याबद्दल फतवा देऊ नये, असं त्यांनी बजावलं. कारण या प्रकरणात देवबंदला प्रश्न पाठवला होता एका पत्रकाराने. त्या बाईने काही विचारलंच नव्हतं.